माझी गाडी खाली येणार नाही

२३ ऑगस्ट, शनिवार
इलेक्ट्रिक पिकअपचा खरा हिशेब एकदाच लिहून टाकतो. शोरूमला ऐंशी हजार डॉलर. गॅरेजात चार्जर आणि जाड वायर, तीन हजार. बायकोचं, म्हणजे अर्लीनचं, नवं स्वयंपाकघर, जे यंदा होणार होतं. अर्लीनचं बोलणं, जे मंगळवारपासून बंद आहे. पैसे सोडले तर तशी स्वस्तच पडली.
बत्तीस वर्षं टेक्सासातल्या या काउंटीतल्या बंद पडलेल्या गाड्या ओढून आणतोय. एका मोडक्या टो ट्रकवर धंदा सुरू केला, आज सहा आहेत. गाडीत काय मोडतं ते मला कोणी शिकवू नये. हिच्यात इंजिन नाही, गिअर नाहीत. मोडायला काही ठेवलेलंच नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
प्रार्थनेनंतर पाद्रीबुवांना शेजारी बसवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. तीन सेकंदांत साठ मैलांचा वेग. पाद्रीबुवांनी देवाचं नाव घेतलं, पण प्रार्थनेच्या सुरात नाही.
माझा मेहुणा ड्युई आपल्या डिझेल पिकअपला टेकून उभा होता. म्हणाला, पळते झकास रे वेंडल, पण बुटकी दिसते. हिला उंची कमीजास्त करायचं बटण आहे.
बटण दाबलं. गाडी उठली, सगळ्यात वरच्या उंचीला. ड्युईच्या पिकअपपेक्षा तीन बोटं वर! आता कायम इथेच. टेक्सासात मी कुणापुढे खाली आलो नाही, माझी गाडीही येणार नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार
गाडीच्या स्क्रीनवर सूचना: जोरात पळवण्याआधी उंची कमी करा. पैसे मी मोजले आणि शहाणपण ही शिकवणार! पुसून टाकली.
आज फेरी कुणाकुणाला: न्हावी, गुरांचा डॉक्टर, पशुखाद्याच्या दुकानातल्या दोन म्हाताऱ्या. एकीची कवळी सीटखाली सापडली.

३१ ऑगस्ट, रविवार
मार्लीचं लग्न वीस तारखेला. लहानपणी टो ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसायची, तेव्हाच ठरलंय: चर्चला डॅडीच नेणार. आज म्हणाली, डॅडी, त्या दिवशी गाडी खाली घे हं, एवढ्या मोठ्या झग्यात मला वर चढता नाही यायचं.
म्हटलं, पोरी, तुझ्यासाठी स्टूल आणतो. आणलं. पांढरं रंगवलंसुद्धा. लेकीच्या लग्नात हात आखडायचा नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार
जोर दिला की पुढून कटकट आवाज. फोनवर नुसता आवाज ऐकून मी गाडीचं दुखणं सांगतो, काउंटीभर नाव आहे. निदान: रस्त्यावरची खडी. रेडिओ मोठा केला. आवाज गेला.

९ सप्टेंबर, मंगळवार
रेडिओ आणखी मोठा. पण आता स्टेअरिंगही थरथरतंय.
शहरात सर्व्हिस सेंटरला नेली. पुढची चाकं फिरवणारे दोन्ही एक्सल खलास. तिथली बाई म्हणाली, उंच ठेवून इतका जोर दिला की एक्सल तिरका फिरतो आणि सांधे खाऊन टाकतो. खाली घेऊन पळवा, नाहीतर उंच ठेवून हळू चालवा. दोन्ही नाही जमायचं. या खेपेला फुकट बदलून देते.
भली बाई. पण तिला ड्युई माहीत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार
निश्चय: लग्नापर्यंत पाय हलका. उंची तीच.
धुरावर भाजलेलं ब्रिस्केटचं मांस खायला व्याही आले. विचारलं, खरंच तीन सेकंद? व्याह्यांना नाही कसं म्हणायचं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
खडी परत आली.
अर्लीन बोलली! म्हणाली, तुझी कटकट मला स्वयंपाकघरात ऐकू येते, अजून त्याच जुन्या स्वयंपाकघरात. पोरीला माझ्या गाडीतून ने. म्हटलं, नवरी काय किराणा आहे? पुन्हा अबोला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
गाडी धुतली, रिबिनी लावल्या. उद्या धंदा बंद, सगळे ड्रायव्हर लग्नाला.
मार्लीला शब्द दिला, उद्या गोगलगायीसारखी चालवीन. म्हणाली, ड्युईमामा शेजारी आला तरी? म्हटलं, कोण ड्युई?

२० सप्टेंबर, शनिवार
मार्ली स्टुलावरून चढली. स्टूल अंगणात राहिलं.
पोस्टापर्यंत गोगलगाय. तिथे गावातला एकुलता एक सिग्नल, लाल. शेजारी ड्युई, गाडीत खचाखच फुलं. काच खाली करून म्हणाला, काय वेंडल, लेकीला घाबरलास? मार्ली म्हणाली, डॅडी, नको.
हिरवा झाला.
कडाड. एक्सल तुटून आत अडकला. गाडी भर चौकात, रिबिनींसकट. माझे सहाही ट्रक बंद, ड्रायव्हर चर्चमध्ये टाय लावून बसलेले. मार्लीला उचलून खाली घेतलं. तिने उंच टाचांचे बूट हातात घेतले आणि चालायला लागली. ड्युई मागून फुलं घेऊन, गाडी अगदी हळू.
चर्चच्या दारात तिने माझा टाय सरळ केला. म्हणाली, डॅडी, आता तरी हळू चाल.
हळू चाललो.
केक कापल्यावर माझ्या ड्रायव्हर पोरांनी माझ्याच टो ट्रकच्या पाठीवर गाडी चढवून आणली. शेडच्या दाराला टप अडकला. शेड मीच बांधलेली. ड्युई वर चढला, आत बसला, बटण दाबलं. गाडी सगळ्यात खालच्या उंचीला बसली, मग आत गेली.