डाव्या चाकाचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी घरघरते. साठच्या पुढे गेली की सुरू, खाली आली की गप्प. सूनबाई म्हणाली, "बाबा, टायरचा असेल." टायरचा नाही. रिकाम्या रस्त्यावर तिला गाडी जरा डावीउजवीकडे घ्यायला लावली. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो — आवाज तेव्हाच वाढला. म्हणजे पुढचं डावं चाक.

घरी येऊन जॅक लावला. एका हाताने चाक फिरवलं, दुसरा हात चाकामागच्या स्प्रिंगवर. बोटांना खरखर लागली, आत वाळू गेल्यासारखी. कारखान्यात बत्तीस वर्षं पंप आणि मोटारी अशाच हाताने तपासल्या. बेअरिंग गेलंय.

गाडी मुलाची. तो जाऊन चार महिने झाले. तो असता तर पहिल्याच दिवशी हाक आली असती — "बाबा, जरा ऐका हो हे!"

४ नोव्हेंबर

बेअरिंग मिळालं. हातोहात! वाटलं होतं, मागवावं लागेल.

जेवताना सूनबाईने सांगितलं, दुसऱ्या गावी अर्ज केला होता, ती नोकरी पक्की झाली. नातीला घेऊन जाणार. कामाची जागा गावाबाहेर, बस जात नाही, गाडीशिवाय भागणार नाही. "लवकर या म्हणालेत. चाकाचं काम झालं की निघतेच. मिळालं का बेअरिंग?"

"मागवलंय," मी म्हणालो.

का म्हणालो? पिशवी माझ्याच खुर्चीला टांगलेली होती.

५ नोव्हेंबर

बेअरिंगचा खोका रंगाच्या डब्यांमागे ठेवला.

८ नोव्हेंबर, शनिवार

हिने आज सगळ्यांसमोर विचारलं, "जहाजाने येतंय का तुमचं बेअरिंग?" नातीला आयतंच सापडलं. "आजोबा, जहाज कुठं पोचलं?" वारा पडलाय म्हटलं. सूनबाईसुद्धा हसली. चार महिन्यांनी या घरात कोणी हसलं — तेही माझ्या खोटेपणावर.

दुपारी खोका बघायला गेलो तर जागेवर नाही! डबे बाजूला केले. ही मागे उभी.

"माझ्या कपाटात आहे. तिथं तिच्या नजरेला पडला असता."

एवढंच. मग ती भांडी घासायला लागली, मी पुसायला. अडतीस वर्षांच्या संसारात आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

१० नोव्हेंबर

आता चाळिसालाच घरघरते. हायवेला न्यायची नाही, वेगात चालवायची नाही, असं सूनबाईला बजावलंय. पण नातीला शाळेत रोज त्याच गाडीतून सोडते. कारखान्यात कोणी अशी मशीन चालू ठेवली असती तर मी त्याला उभा सोलला असता.

ही म्हणाली, "अजून दोन-चार दिवस निघतील ना?" हो म्हणालो.

११ नोव्हेंबर

झोप नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नात शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजोबा, आज गाडीत पायाला गुदगुल्या होत होत्या!" मागच्या सीटवर!

तसाच बाहेर गेलो. चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. टक-टक. दहा दिवसांपूर्वी जराही हलत नव्हतं. जॅकजवळ तसाच बसून राहिलो. मुलाला आजाराने नेलं, तिथे कोणाचं काही चाललं नाही. नातीला काही झालं असतं तर काय म्हणालो असतो? कोणाला?

आत आलो. हिने न विचारता कपाट उघडलं आणि खोका माझ्या हातात दिला. डोळे पुसले नाहीत.

१४ नोव्हेंबर

मेकॅनिककडे गेलो. घरी बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस नाही, आणि हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग टिकत नाही. चाकाचा हब सुटला, जुनं बाहेर आलं. गोळ्यांवर खड्डे, ग्रीस काळं ठिक्कर. त्याने ते माझ्यासमोर धरलं. "काका, दुसऱ्या कोणी आणलं असतं तर समजलो असतो. तुम्ही? ह्याच्यावर पोरीला फिरवत होता?"

मी नवा खोका पुढे केला. तोच मग म्हणाला, "चहा घ्या. माणूस आहे, राहून जातं."

नवा नट मी स्वतः आवळला. परत येताना साठला नेली, ऐंशीला नेली. काही नाही. ऐकायला काहीच नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

"आलं का जहाज?" सूनबाईने विचारलं. आलं म्हटलं. ती जराशी हसली. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. नात पुस्तकं एका बॅगेत भरते, ही ती काढून नीट लावते, नात परत काढते.

खरं सांगायचं म्हणून दोनदा सूनबाईच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा इस्त्री करत होती. दुसऱ्यांदा त्याचे शर्ट पलंगावर काढून नुसती बसली होती. हवेचा दाब बघतो म्हणालो आणि खाली उतरलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गेल्या नाहीत. सकाळी तिकडून फोन आला — जागा दुसऱ्याला दिली. गाडी दुरुस्तीला आहे सांगून सूनबाईने दोनदा मुदत मागून घेतली होती. मला पत्ता नाही!

ती बॅगा आत नेत होती. मी जिन्यातच सांगून टाकलं. बेअरिंग पहिल्याच दिवशी मिळालं होतं.

"माहीत आहे, बाबा. त्याच आठवड्यात मेकॅनिकला विचारलं मी. म्हणाला, कुठल्याही दुकानात मिळतं." बॅग खाली ठेवली. "मला वाटलं, तुम्हाला अजून थोडे दिवस हवेत."