डब्यातला निळा चमचा

मी छोटीला घेऊन दवाखान्यात ताईकडे चालले आहे. तिच्या बाळाच्या उलट्या थांबत नाहीत, सलाईन लावलंय. तू तिकडे फिरकू नकोस.

दुपारी बातमी लागली. तुमच्या कारखान्याने बाळांच्या दूध पावडरीचे डबे परत मागवलेत, मशीन धुवायचं रसायन त्यात उतरलंय. छोटीचा डबा फेकायच्या आधी उघडला, तर आत निळा चमचा! तुमच्या डब्यात पिवळा येतो; रोज घाईत दूध कालवताना रंगाकडे लक्षच गेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब सोमवारीच दुसऱ्या कंपनीची पावडर घेऊन गेले." म्हणजे ती तू आपल्या जुन्या डब्यात ओतलीस, मला कळू नये म्हणून, आणि माप चुकू नये म्हणून चमचाही त्यांचाच टाकलास. लॅबमध्ये नमुने तपासतोस ना रे? बायको एवढी आंधळी वाटली?

नोकरीपायी मूग गिळून बसलास, तेही एक वेळ समजून घेतलं असतं. पण बुधवारी ताई आली, तेव्हा तुला कामावर मिळालेले दोन डबे मी तुझ्यादेखत तिला काढून दिले. तू हूं की चूं केलं नाहीस.

स्वयंपाक केलेला नाही. फ्रीजमधलं तपासून खा. स्वतःपुरतं तपासणं तुला बरोब्बर जमतं.

डॉक्टरांना मी सगळं सांगणार आहे. डब्यांची पिशवी जड आहे म्हणून ती ताईच्या गाडीत तूच नेऊन ठेवलीस, हेसुद्धा.