प्रत्येक खणातलं पहिलं वाक्य

तीर्थरूप आत्या,

दंडवत. एरवी तो कागदापुरता असतो, आज जमिनीला नाक टेकवून घातला आहे असं समज. तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना? माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि त्याचीच लाज वाटते.

काका गेल्यावर तू त्यांच्या सुतारकामातल्या शब्दांचा कोश करायला घेतलास आणि अकरा वर्षांनी वह्या माझ्या हवाली केल्यास, का तर भाचा कॉम्प्युटरवाला. मी सगळं टाइप केलं, शब्द, अर्थ, वाक्य, प्रत्येकाला खूण लावून त्या त्या शब्दाच्या खणात बसवलं आणि छाती फुगवून फिरलो. (वह्या परत करताना ‘आता रद्दीत घाल’ असंही मीच म्हणालो. जन्मात एकदा तू माझं ऐकलंस, ते नेमकं तेव्हा.)

फाइलच्या अगदी सुरुवातीला मी सरावासाठी एक खोटं वाक्य टाकलं होतं, तेवढं काढायचं होतं. अशा फाइलीतून हवी ती वस्तू निवडायच्या दोन भाषा आहेत, सीएसएस आणि एक्सपाथ. दोघी एकाच घराण्यातल्या, पण एकीचं लिहिणं दुसरीला चालत नाही. का, म्हणून विचारशील. सीएसएस जन्मली इंटरनेटवरची पानं नटवायला, म्हणून ती वर्णनावरून हाक मारते, निळ्या बिल्ल्याची वाक्यं तेवढी पुढे या. एक्सपाथ जन्मली कागदपत्रं धुंडाळायला, म्हणून ती पत्ता सांगते, हे कपाट, तो खण, त्यातली तिसरी वस्तू, आणि वाटलं तर खणातून मागे फिरून पुन्हा कपाट. साधं टिंब घे. एकीकडे त्याचा अर्थ बिल्ला, दुसरीकडे ‘मी उभी आहे ती जागा’. कामं वेगळी म्हणून बोलणं वेगळं. हे मी ऑफिसात चार जणांना शिकवलं आहे (भेटले तर त्यांना काही बोलू नकोस).

तर मी एक्सपाथला म्हणालो, पहिलं वाक्य काढ. मला हवं होतं अख्ख्या कपाटातलं पहिलं. तिने प्रत्येक खणातलं पहिलं काढलं. एक कंस घातला असता तर निभावलं असतं. (कंसाची किंमत आता कळली, म्हणून या पत्रात सढळ हाताने घालतो आहे.) सहाशे बारा शब्द, सहाशे बारा वाक्यं. वर ती फाइल मी जपून ठेवली, आणि ठेवली ती जुन्या प्रतीच्याच जागी, म्हणजे जुनी पुसून.

नियम करणाऱ्यांनी एकदा एकत्र बसून दोघींना एकच वळण लावलं असतं तर माझ्यावर ही वेळ आली नसती, असं मी दोन दिवस घरात सगळ्यांना सांगतो आहे. बायकोने ऐकायचं सोडलं आहे. पण आत्या, प्रत्येक शब्दाखाली पहिलं वाक्य तू काकांच्या तोंडचं ठेवलं होतंस. तेच गेलं. तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून फोन न करता लिहितो आहे.

तुझा (अजून मानत असलीस तर) भाचा

ता. क. : काकांची वाक्यं तुला पाठ आहेत, असं तू म्हणायचीस. रविवारी कोरी वही घेऊन येतो. तू सांग, मी हाताने लिहून घेतो. कॉम्प्युटर आणत नाही.

आणखी एक : एक वाक्य त्यातून वाचलं. ‘पटाशी’खाली तू काकांचं चुकून दुसऱ्या जागी लिहिलं होतंस. आठ वर्षांचा असताना मी तिने लाकडाला खाच पाडायला बसलो, तेव्हा ते मलाच बोलले होते. ‘हात तुझा चुकलाय, पटाशीला कशाला शिव्या देतोस?’