पुस्तक अर्ध्यावर मिटणारी मावशी

प्रिय गयामावशी,

काल परभणीच्या छापखान्यातून माझ्या पुस्तकाचे गठ्ठे आले. माझं पहिलं पुस्तक! एक प्रत घेतली आणि पाय आपोआप तुझ्या पुस्तकांच्या दुकानाकडे वळले. तू जाऊन वर्ष होत आलं, हे पायांना कोण सांगणार?

दुकानात तुझा पुतण्या बसला होता. आता पुढे जाळी बसवलीय. नाव सांगायचं, तो काढून देणार. चाळून बघायची सोय नाही. आणि नाव तरी कशाचं सांगायचं? चारी भिंतींना नुसती गाईडं! माझी प्रत त्याने उघडलीसुद्धा नाही. "ताई, पुण्याहून येतंय तेच खपायलंय. गावातल्या लेखकाला कोण घेतंय?" त्यालाही पोट आहे, खोटं नाही बोलला. पण मला रडू आलं गं.

तू काय विकायचीस पुस्तकं! पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट बघून माणसं कंटाळली, की तू स्टेशनसमोर स्टूल टाकून खड्या आवाजात गोष्ट वाचायला लागायचीस. हमाल, गार्ड, ऊसवाले, बाजाराच्या बाया, सगळे भोवती गोळा! आणि ऐन मोक्याला पुस्तक फटकन मिटायचीस.

"पुढं काय झालं?"

"पुढचं किताबात हाय. घ्या अन् गाडीत वाचा."

किती दुष्ट होतीस! ज्यांना अक्षर येत नव्हतं तेही घ्यायचे, घरी लेकीकडून वाचून घेऊ म्हणून.

आम्हा नव्या लिहिणाऱ्यांची परीक्षाही तिथेच. माझी हाताने लिहिलेली गोष्ट तू नाव न सांगता तशीच वाचलीस. मी खांबाआड उभी. एवढ्यात गंगाखेडची गाडी शिट्टी देऊन निघून गेली, आणि लेकीची सोयरीक ठरवायला निघालेले एक गृहस्थ ऐकत बसूनच राहिले!

"गाडी गेली की ओ! तुमी सांगितलं बी न्हाई!" ते तुझ्यावर कडाडले. मग पुन्हा खाली बसले. "गेली तर गेली. त्या बाईचं काय झालं तेवढं सांगा."

तू खांबाकडे बघून हसलीस. "लिहीत ऱ्हा पोरी. लोकायच्या गाड्या चुकायल्यात."

मावशी, पुढच्या सगळ्या गोष्टी मी त्या एका वाक्यावर लिहिल्या. असा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

तक्रार एकच. सगळ्यांना मोक्यावर सोडायचीस, तसं मलाही सोडून गेलीस. माझं छापलेलं पुस्तक सगळ्यांत आधी तूच वाचणार होतीस ना?

तुझं स्टूल पुतण्याकडून मागून आणलंय. उद्या शाळा सुटली की स्टेशनसमोर त्याच जागी मांडणार आहे. माझा आवाज कापेल. शाळेतल्या बाई चळल्या म्हणून लोक हसतील. हसू देत!

एका तरी माणसाची गाडी चुकवीन. शब्द देते.

खांबाआडची तुझी,
मालन