सकाळची पट्टी

आई, मी तुझ्यावर पाळत ठेवत होते, हे तुला कळलं होतं का? कळलं असावं. तू शेळ्या राखलेली बाई, मागून कोण येतंय ते तुला मान न वळवता समजायचं.

माझी लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि अंगाने दीड वर्षाच्या पोरीएवढी. वाढीचा आजार जन्मापासूनचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या अंगात साठाच नसतो. रात्री पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरते, आणि त्याआधी लघवीत कीटोन दिसायला लागतात. म्हणून सकाळी उठल्याबरोबर तपासणीची कागदी पट्टी लघवीत बुडवायची. रंग पिठासारखा राहिला तर ठीक, गुलाबी झाला तर लगेच खायला घालायचं, जांभळा झाला तर दवाखाना गाठायचा. ह्यांची नोकरी टेंभुर्णीला. नळाचं पाणी, डबा आणि ऑफिस यांत माझे हात अडकलेले. म्हणून तुला सांगोल्याहून भवानी पेठेत आणलं आणि हे काम तुझ्याकडे दिलं. "लेकरू बारीक हाय म्हणून रोज मुताची परीक्षा घेत्यात व्हय?" असं तू पहिल्याच दिवशी म्हणालीस. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

महिना उलटला तरी पट्टीची रोजची नोंद करायच्या वहीत शून्यच शून्य. सगळी सारखी, पेन दाबून काढलेली. मला वाटायचं, एका दुपारी बसून ही भरून टाकलीस. त्यात शेजारची अक्का, ती तेलुगू विणकराघरची बाई, रोज सकाळी मागच्या दाराशी यायची. खिडकीपाशी तुम्ही दोघी डोकं जोडून उभ्या, आणि मी आले की गप्प. काही जडीबुटी चाललीय, ताईत चाललाय, नक्कीच. एकदा मी केराची बादली उपसून बघितली. वापरलेल्या पट्ट्या होत्या तिथं, ओल्या. तरी मी म्हटलंच मनात, नळाखाली धरल्या असतील.

मग बालवाडीचा पहिला दिवस. तुला ते मुळीच पसंत नव्हतं. "एवढ्याशा जिवाला कशाला शाळंत घालतीस? पोरं ढकलून देतील की." तिला दोन दिवस सर्दी होती, रात्री जेवण दोन घासांवर आलं होतं, तरी मी नवा फ्रॉक इस्त्री करून ठेवलेला. सकाळी तू पट्टी घेऊन माझ्यासमोर उभी राहिलीस.

"जांभळी झाली हाय. आज नगं नेऊस. दवाखान्यात चल."

"किती वेळ ठेवलीस? उशिरा बघितली की रंग बदलतोच."

"अगं, आत्ता बुडवली की!"

"महिनाभर काही नाही, आणि नेमकी आजच जांभळी झाली?"

तू माझ्याकडे बघतेस. मी पोरीला उचलते, तशी तू जिन्यात धावत येतेस आणि तिच्या तोंडात चिमूटभर साखर घालतेस. मी तुझा हात बाजूला सारते. फ्रॉक चिकट होईल म्हणून.

दहाच्या सुमाराला शाळेतून फोन आला. ती ओकली होती आणि बाईंच्या मांडीवर मान टाकून पडली होती. मी रिक्षात घेतली तेव्हा कपाळ गार, घामाने भिजलेलं, हाक मारली तर डोळे अर्धेच उघडायचे. दवाखान्यात सलाईनमधून साखर गेली, तेव्हा तासाभराने तिने पाणी मागितलं. तोवर तू चालत आली होतीस.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी पट्टीवर काही दिसलं नाही?"

मी म्हणाले, "पट्टी आई बघते. तिला नीट जमत नाही."

तू पलंगाच्या पायथ्याशी उभी होतीस. पोरीच्या पावलावरून हात फिरवत होतीस, तो थांबला नाही. डॉक्टर तुला समजावून सांगायला लागले, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, आणि तू मान हलवत राहिलीस. "व्हय. व्हय, साहेब."

आठवड्याने तू सांगोल्याला निघून गेलीस आणि दुसऱ्या उन्हाळ्यात जगातूनही. तेराव्यानंतर अक्का घरी आली. तिने सांगितलं, मोतीबिंदूमुळे तुला फिका गुलाबी रंग ओळखू यायचा नाही. म्हणून रोज तिच्याकडून बघून घ्यायचीस, मगच वहीत लिहायचीस. "तुला सांगू नको म्हणली. लेक पट्टी काढून घेईल म्हणली, मग मी हितं कशाला राहू?" त्या दिवशीची पट्टीही तुम्ही दोघींनी बघितली होती.

लेक आता दहावीत आहे. उंची बेताचीच, पण खुटखुटीत आहे, जेवणाची वेळ स्वतः सांभाळते. परवा तिने विचारलं, "आजी आपल्याकडे राहायची ना? मग गेली का?"

हे सगळं मी तिला सांगायला हवं होतं. तिच्याऐवजी तुला लिहीत बसलेय, कारण तू उलट काही विचारणार नाहीस. तिला मी म्हटलं, "तिला शहरात करमत नव्हतं."