संस्थापकांच्या पानावरचं सातवं नाव

प्रिय दादा,

जयभीम. फोनवर वेबसाइटचा विषय निघाला की तू लगेच जालन्यात ऊन किती आहे ते विचारतोस, म्हणून लिहून पाठवतेय. ऊन भरपूर आहे. आता पुढचं वाच.

पंधरा वर्षांपूर्वी तू बनवलेली मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचं काम संस्थेने मला दिलं. तुला शिव्या घालायच्या नाहीत असं ठरवलं होतं, पण प्रवेशाची माहिती 'फोटो' नावाच्या पानात सापडली तेव्हा दोन घातल्याच. तरी आठवड्यात सगळं मार्गी लागलं. अडलं एकच पान, 'आमचे संस्थापक'. तिथे सहा नावं होती. मी खाली आईचं लिहिलं, मालनबाई पुंजाराम खरात. सेव्ह केलं, पान उघडलं, तर पुन्हा सहाच. ब्राउझरमध्ये साठलेली पानाची जुनी प्रत पुसली, सर्व्हरवर साठलेली पुसली, मस्तगडातल्या दुकानात जाऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं. सहाच. चार दिवस नाकी नऊ आले.

पाचव्या दिवशी त्यातलं एक नाव निवडायला गेले, तर अख्खी यादीच उचलली गेली. ते लिखाण नव्हतंच, चित्र होतं. तेव्हा कितीतरी कॉम्प्युटरवर मराठीचे नुसते चौकोन दिसायचे, म्हणून तू जुन्या जालन्यातल्या बॅनरवाल्याकडून यादी टाइप करून घेतलीस आणि तिचं चित्र चिकटवलंस. आपल्याकडे तेव्हा सगळे तेच करायचे. मी मजकूर बदलत होते आणि नवं सॉफ्टवेअर मजकूर सोडून तुझं ते यादीचं चित्रच दाखवत होतं. ते काढलं आणि सातही नावं दिसली. आईला मोबाइलवर बोट ठेवून तिचं नाव दाखवलं. बराच वेळ तिने मोबाइल परत दिला नाही.

दुसऱ्याच दिवशी सचिव अप्पारावांचा फोन. मालनबाई स्वयंपाकाला होत्या, संस्थापक कसल्या, त्या फक्त सहीपुरत्या, नाव काढ. मला असा राग आला दादा. सात माणसांशिवाय संस्था नोंदली जात नाही, हे यांनीच दहा गावांना शिकवलं आणि स्वतःच्या पानावर सहा ठेवून पंधरा वर्षं मिरवले. मी नोंदणीच्या कागदाची नक्कल काढून आणली. सातव्या ओळीत आईचा अंगठा आहे. पहिली दोन वर्षं मुली आपल्याच घरात राहिल्या, आणि पुढे अकरा वर्षं आईने त्यांच्या भाकरी थापल्या, हे त्या कागदावर नाही, पण त्या मुलींना विचारा म्हटलं. काम काढून घेऊ म्हणाले. घ्या म्हटलं, नाव निघणार नाही. आईला विचारलं, वाद नको असेल तर सांग. ती पीठ मळत होती. म्हणाली, "अंगठा म्याच दिल्ता. कुणी दया करून घेतला न्हाई. ऱ्हाऊ दे नाव."

रविवारी अकराला यावर बैठक आहे आणि आईही येणार आहे, तिने लुगडंसुद्धा काढून ठेवलंय. आता जे फोनवर तू बोलू देत नाहीस ते. जुन्या सर्व्हरवर त्या यादीची दोन चित्रं आहेत. पहिल्यात सात नावं आहेत. दुसरं सहांचं, तुझ्या लॉगिनवरून चढवलेलं, पुण्याच्या नोकरीसाठी अप्पारावांनी तुला शिफारसपत्र दिलं त्याच आठवड्यातलं. बैठकीत अप्पाराव तेच सांगणार आहेत, की पोरानेच आईचं नाव काढलं, मग आम्हाला काय विचारता. त्यांचं काय करायचं ते मी बघते, त्यांनी नाव शंभरदा काढलं तर मी शंभरदा लावीन. पण आईला अजून वाटतं की ते अप्पारावांनी केलं. चार लोकांत तिने हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं मला चालणार नाही. तेव्हा शनिवारी ये आणि तिच्यासमोर बसून तू स्वतः सांग. संध्याकाळपर्यंत वाट बघेन. नाही आलास तर मी सांगेन, आणि सांगताना तुझी बाजू घेणार नाही.

तुझीच,
ज्योत्स्ना