उलट्या अक्षाच्या नव्वद ओळी

२ फेब्रुवारी. सकाळी ६.
आजपासून संकल्प. 'रेघोटी' ही आलेख काढायची सॉफ्टवेअर लायब्ररी जगभर लोक फुकट वापरतात, पण तिच्यातला अक्ष सांभाळणारा कोड म्हणजे निव्वळ उकिरडा. एक आडवी, एक उभी, दोन रेघा. त्यांना आठशे ओळी? मी दोनशेत बसवतो. पंधरा दिवस पुष्कळ झाले. लायब्ररीची प्रमुख नंदिनी कॉलेजात मला दोन वर्षं ज्युनिअर होती. माझा कोड बघून तिला वाईट वाटेल. वाटू दे.

५ फेब्रुवारी.
फाइलींची नावं बदलली. थकलो.

९ फेब्रुवारी.
बायको, मेघा, कुरकुरते. घरात लॅपटॉप एकच. ती पाणी प्रकल्पात कंत्राटी आहे. गावच्या बारा विहिरींचा आलेख दर सोमवारी साहेबांना पाठवते. उन्हाळ्यात टँकर कोणत्या गावाला, ते त्यावर ठरतं. तिची 'रेघोटी'तली जुनी मांडणी जशीच्या तशी उचलून मी एक स्क्रिप्ट लिहून दिली. तिने फक्त आकडे भरायचे, सोमवारी नऊला आलेख आपोआप मेल होणार. बघायचीही गरज नाही. आभार मानले नाहीत. असो.

१४ फेब्रुवारी.
कोडात एक विचित्र चीज सापडली. उभा अक्ष उलटा करायची सोय: शून्य वर, मोठा आकडा खाली. नव्वद ओळी! कोणता शहाणा शून्य वर ठेवतो? उडवली. आता कोणी उलटा अक्ष मागितला तर? एरर देणं उर्मटपणाचं वाटतं. मुकाट्याने सुलटाच द्यायचा. वापरणाऱ्याला कळतही नाही. याला म्हणतात डिझाइन.
नवीन आवृत्ती घरच्या लॅपटॉपवर टाकली. काहीही बिघडलं नाही.

१८ फेब्रुवारी.
बाबांशी वाद. मेघासाठी विहिरी तेच मोजतात. दोराला दगड बांधून सोडायचा, दगड पाण्याला लागला की वर ओढायचा आणि काठापासूनचा कोरडा दोर मोजायचा. पाणी मोजायचं सोडून कोरडं मोजतात! पाणी आटलं की यांचा आकडा वाढतो. मी म्हटलं, हे उलटं आहे. ते म्हणाले, "पाणी खाली जाते, तं आकडा बी खालीच लिवा लागते ना. त्यात उलटं काय हाय?" चौथी शिकलेल्या माणसाशी काय बोलायचं.

२७ फेब्रुवारी.
नंदिनीला कोड पाठवला. जुन्या चाचण्या पास होतात का, म्हणून विचारते. मी कळवलं की चाचण्या जुन्या कोडासाठी होत्या, काढून टाकल्या. तेव्हापासून उत्तर नाही. दिपली असणार.

९ मार्च.
बाबांचा दोर पुरेना. शेजारच्या भैय्याजींचा जोडला. मेघाला रात्री झोप नाही. मी धीर दिला, टँकर मिळतोच, आलेख बघून साहेबांना वेगळं काही सुचणारच नाही.

२४ मार्च.
टँकरची यादी लागली. आमचं गाव नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी उलट आमच्या गावासाठी टाळ्या वाजवायला लावल्या म्हणे. जानेवारीपासून पाणी चढतंच आहे, बाकीच्यांनी शिका. मेघाने तो आलेख तिथेच पहिल्यांदा पाहिला. आकडे वाचा, आकडे वाचा म्हणत राहिली. साहेब म्हणाले, रेघ तर वर जाते. मग म्हणाले, चूक असेल तर सहा आठवडे चुकीचा रिपोर्ट तुम्हीच पाठवलात. कंत्राट संपलं. यादी आता महिनाभर बदलत नाही.
घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुमी माह्या लॅपटॉपले काय करून ठेवलं?"
मी समजावलं की आलेख वाचणं ही वाचणाऱ्याची जबाबदारी. लेबल मी ठळक केलं होतं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. टीका सहन होत नाही तिला.

२ एप्रिल.
नंदिनीने माझा कोड नाकारला. एका ओळीत. वर, मेघाने तिला परस्पर पत्र लिहिलं, बारा विहिरींचे आकडे पाठवले. आता कोणी उलट्या अक्षाला हात लावला की त्या आकड्यांवर चाचणी नापास होणार. आभाराच्या यादीत दोन नवीन नावं आहेत: मेघा आणि कवडू. कवडू म्हणजे बाबा. मी यादी तीनदा वाचली. बहुधा माझं नाव पुढच्या आवृत्तीत असेल.

१० एप्रिल. सकाळी ११.
बाबांचा गुडघा धरला आहे. पगार नसला तरी मेघाने टँकरच्या नव्या अर्जासाठी मोजणी चालूच ठेवली आहे, म्हणून आज दोर माझ्याकडे. दोघं काठावर बसले. नवव्या विहिरीत दगड सोडला. दोर संपला तरी पाणी लागेना, मग आणखी एक जोडला. तळाला ठक्क वाजलं. दगड कोरडाच वर आला. पाणीच नाही, म्हणून मी वहीत शून्य लिहिलं आणि उद्यापासून वहीचे रकानेही सुधारून देतो म्हणालो.
मेघाने वही पाहिली. बाबांकडे दिली. बाबांनी त्या शून्यावर बोट ठेवलं.
"राकेश, शून्य म्हंजे इहीर काठोकाठ भरली."
मग गुडघ्यावर हात रोवून ते उठले आणि त्यांनी माझ्या हातातून दोर काढून घेतला.